डब्यातली चिमणी

लेकीने डब्यात चिमणी मागितली आणि मी पाखरू करून दिलं. तिथेच चुकलं.

रात्रपाळी करून घरी आलो होतो. डोळ्यांत झोप, अंगाला मळीचा वास. तरी हात धुऊन ओट्यापाशी उभा राहिलो. चपातीवर वाटी पालथी घालून गोल कापला, ते पोट. करंजीच्या कातण्याने दोन पंख काढले. मिऱ्याचा डोळा, गाजराची चोच. खाली मेथीची भाजी पसरली, म्हणजे पाखरू वाफ्यात उतरल्यासारखं दिसावं. झाकण लावायच्या आधी दोनदा निरखून पाहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन झोपलो.

दुपारी डबा परत आला. पंख खाल्लेले, डोळा काढून झाकणात ठेवलेला, पोट तसंच.

“चिमणी आवडली नाही का?”

“ही कुठं चिमणी आहे? ही चिऊ आहे,” ती म्हणाली. “मला चिमणी पाहिजे होती. तुमची.”

आणि तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. शेवग्याच्या झाडावरून, पलीकडच्या उसावरून, थेट कारखान्याच्या चिमणीकडे.

माळेगाव बुद्रुकात वाढलेल्या पोराची यात काही चूक नाही. पाखरू आणि धुराडं या दोन्हींना आपण एकच नाव ठेवलंय. काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यालाही तेच. आईने तसली एक चिमणी माळ्यावर अजून जपून ठेवली आहे, लाइट जाणं कमी झालं तरी. आणि लाडात आलो की मी लेकीलाही ‘चिमे’ म्हणतो. म्हणजे आमच्या घरात एकूण चार चिमण्या. त्यांतली नेमकी कुठली मागितली आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पाखरापेक्षा तिला धुराड्याची ओळख जास्त आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८० च्या दशकात या बाजूला आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून सहकारी साखर कारखाना. आमच्या घरी वेळ घड्याळात पाहायच्या आधी भोंग्यात ऐकतात. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पेटतो, दिवाळीच्या आगेमागे मोळी गव्हाणीत पडते आणि मग उन्हाळा लागेपर्यंत दोरीवरच्या कपड्यांवर काजळीचे बारीक काळे ठिपके. मी बॉयलिंग हाऊसला असतो. पण लेकीच्या लेखी मी चिमणीत कामाला असतो. शेजारच्या काकूंनी “पप्पा कुठं गेलेत गं?” असं विचारलं की ती सांगते, “चिमणीत.” धूर निघतोय म्हणजे पप्पा कामावर आहेत, असा तिचा साधा हिशोब. तो खोटा आहे असं सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

डब्याचं काम माझ्याकडे कसं आलं, तेही सांगायला हवं. बायको इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. तिची एसटी लवकरची. स्वतःचा डबा, वह्यांची पिशवी आणि एका हाताने केसांना क्लिप लावत ती दारातून बाहेर पडते, तेव्हा मी दारातून आत येत असतो. एकदा ती उंबऱ्यातच म्हणाली, “अहो, आजच्या दिवस पोरीचा डबा तेवढा बघा.” त्या आजच्या दिवसाला आता दोन हंगाम झाले.

पहिले काही महिने चपाती-भाजी, चपाती-भाजी असंच चाललं. मग तिच्या वर्गातल्या कुणीतरी हृदयाच्या आकाराचं सँडविच आणलं आणि आमच्या घरात आकाराची साथ आली. मोबाइलवर पाहून मी भाताचा ससा केला, काकडीचं कासव केलं, बिटाच्या रसाने गुलाबी केलेल्या पुरीचं फूल केलं. आई ओसरीवर बसून सगळं बघत होती. सशाला मुळ्याचे कान लावताना मात्र तिला राहवलं नाही. “आरं, ती शाळंत जेवायला जाती का जत्रा बघायला?”

तर, कारखान्याची चिमणी. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून तयारीला वेळ मिळाला. चपातीला तूप-गूळ लावून घट्ट सुरळी वळली. ती उभी राहीना, म्हणून खाली उपम्याचा चौकोनी ओटा थापला. मग झाकण बसेना. दोन बोटं कापून चिमणी ठेंगणी केली. धुरासाठी ओलं खोबरं किसून वर ठेवलं, तर बाईसाहेब शेजारी उभ्या. “आपल्या चिमणीचा धूर असा पांढराधोप नसतो.” खरं होतं. खोबरं काढलं आणि कारळ्याची चटणी भुरभुरवली. काळी, कोरडी, थोडी उडणारी. धूरही झाला आणि काजळीही झाली.

खरी गंमत ट्रॉलीची. काकडीचं लांबट होडकं कोरलं, गाजराच्या चकत्या टोचून चार चाकं लावली आणि ट्रॉलीत ऊस म्हणून गवारीच्या शेंगा. न मोडता वाफवलेल्या, मीठ-तिखटात परतलेल्या, सगळ्या एका मापाच्या, कोथिंबिरीच्या काडीने बांधलेली मोळी. आमची पोरगी गवारीचं नाव काढलं की तोंड फिरवते. त्या दिवशी तिने दोन मोळ्या मागून घेतल्या. भाजी तीच, कढई तीच. फक्त तिचा ऊस झाला होता. खाणं आणि खेळणं यांच्यामधलं कुंपण किती कच्चं आहे, ते मला गवारीने शिकवलं.

हा डबा मात्र शाळेत पोचला तो कारखाना म्हणून नाही. व्हॅनमध्ये दप्तरांचा ढीग, वाटेत खड्डे, वर कुणीतरी पाण्याची बाटली टेकवलेली. मधल्या सुट्टीत झाकण उघडलं, तेव्हा चिमणी आडवी, ट्रॉली पालथी, ऊस उपम्यात रुतलेला आणि सगळ्यावर कारळ्याची काजळी. मी विचारलं, “मग काय केलंस?” ती म्हणाली, “काला केला. सगळ्यांनी खाल्ला.”

हा शब्द तिला गावातल्या सप्त्याने दिलेला. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं आणि हातावर दही, लाह्या, पोहे, लोणच्याची फोड असं एकत्र कालवलेलं पडतं. त्यात दही कुठलं, पोहे कुठले, कुणाच्या घरचं काय, हे विचारायचं नसतं. गाई राखायला गेलेल्या पोरांच्या शिदोऱ्या एकत्र झाल्या, तो पहिला काला. म्हणजे ती रानातली मधली सुट्टीच. माझ्या अर्ध्या सकाळच्या कारागिरीचा काला झाला, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मागे लागला: आपण हे आकार नक्की कुणासाठी करतो?

माझ्या लहानपणी जेवणाला आकार नव्हता असं नाही. पण तो बहुतेक देवाच्या वाट्याचा. गणपतीला कळीदार मोदक, दिव्यांच्या अवसेला कणकेचे दिवे, नागपंचमीला चिरायचं-तळायचं नाही म्हणून वाफवलेली पुरणाची दिंडं, दिवाळीला मुरड घातलेली करंजी. पाडव्याला गुढीच्या गळ्यात साखरेच्या गाठी आणि त्यांच्यावर उठलेली नक्षी. सणाला आकार, रोजच्याला गोल. गोल म्हणजे भाकरी, आणि भाकरी म्हणजे चूल विझायच्या आत उरकायचं काम. आई दिवसभर खुरपायला जायची. तिच्याकडे ससे करायला वेळ कुठला?

तरी एक गोष्ट होती. परातीत शेवटी पीठ उरायचं, एक भाकरी व्हायची नाही एवढं. त्याची ती चानकी थापायची. तळहाताएवढी, फुगून टम्म झालेली, एका बाजूला जरा जास्तच करपलेली. ती माझी. घरात सहा माणसं, पण चानकी एकच आणि तिच्यावर कुणाचा दावा नाही. फडक्यात मोठ्या भाकरीवर कोरड्यास आणि त्याच्यावर चानकी, असा माझा डबा. आकार म्हणाल तर तोच, गोलच. पण मापाने सांगायचा की हे पोराचं आहे.

आणि त्याच्या आधी, अगदी लहान असताना, चिऊ-काऊचे घास. एक चिऊच्या नावाचा, एक काऊच्या नावाचा, मग मनीमाऊ, मग चांदोमामा. सगळ्यांच्या नावाने मीच खायचो. नीट पाहिलं तर त्या घासाला चोच नव्हती, पंख नव्हते. वरण-भाताचा साधा कालवलेला गोळा. त्याची चिमणी व्हायची ती आईच्या बोलण्यात. हात थोडा वर जायचा, आवाज बारीक व्हायचा, ती आढ्याकडे बघायची आणि मी तिकडे बघून तोंड उघडायचो. कातणं लागत नव्हतं, साचा लागत नव्हता. फक्त भरवणारं माणूस समोर लागत होतं.

इथे माझं उत्तर होतं. चिऊचा घास समोर बसूनच भरवता येतो. पोर शाळेत गेलं की भरवणाऱ्याचा हात उंबऱ्यापाशी थांबतो. डब्याबरोबर आवाज जात नाही, आढ्याकडे बघणं जात नाही. मग जे तोंडाने सांगत होतो, ते चपातीवर कोरून पाठवायचं. मोबाइलवरचा ससा आणि आईची चिऊ यांत मला आधी सत्तर कोसांचं अंतर वाटायचं. ते तेवढं नाही. आकाराचा डबा म्हणजे न दिसणाऱ्या माणसाने भरवलेला घास. लेकीने ‘तुमची चिमणी’ मागितली, ती धुराड्याच्या हौसेने नव्हे. मी रात्री घरी नसतो, ती दिवसा घरी नसते. मधल्या सुट्टीत झाकण उघडल्यावर आत पप्पा कामावर आहेत का, एवढंच तिला बघायचं होतं.

जपानमध्ये या कामाचं शास्त्र झालंय. तिथे डब्याला बेंतो म्हणतात आणि कार्टूनमधली पात्रं भातातून, समुद्री शेवाळातून, अंड्यातून साकारलेल्या डब्याला क्याराबेन. बालवाडीतल्या मुलांच्या आया पहाटे उठून ते करतात. अ‍ॅन ॲलिसन नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई तिथे राहिल्या, त्यांचा मुलगा तिथल्या बालवाडीत होता. त्यांनी १९९१ साली या डब्यांवर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बेंतो नुसतं जेवण नाही. मुलाने तो वेळेत, पूर्ण संपवायचा आणि त्यावरून मुलाची आणि त्याच्या आईची, दोघांचीही पारख व्हायची. हे वाचून मला ओशाळल्यासारखं झालं. कारण लेकीच्या वर्गातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीही माझ्या कारखान्याचा फोटो टाकला होता. अंगठे किती आले ते मोजलेही होते. बापाने डबा केला म्हणून चार अंगठे जास्तच पडले. माझ्या बायकोने आयुष्यभर केलेल्या डब्यांना कुणी एक अंगठा दाखवला नव्हता. फोटो काढायच्या नादात चपाती गार होते, हेही त्या ग्रुपवर कुणी लिहीत नाही.

बायकोच्या शाळेत डबाच नसतो. तिथे पातेलं असतं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा शासनाचा हिशोब. तिला तो तोंडपाठ आहे, कारण नोंद तिलाच ठेवावी लागते. शाळेतल्या आहाराची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्या वेळी शिजवलेलं काही मिळत नव्हतं. ८० टक्के हजेरी भरली की महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचे. शाळेत मिळालेली ती पिशवी खांद्यावर टाकून मी चालत आलो, तेव्हा आपण कमावते झालो असं वाटलं होतं. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला आणि पुढे शाळाशाळांतून खिचडीचा वास यायला लागला. तोवर मी प्राथमिक शाळा सोडली होती.

खिचडीला आकार नसतो, असं मी बायकोला म्हणालो. ती हसली. “तुम्ही बघितलं नाही अजून,” म्हणाली. पोरं ताटात खिचडीचा डोंगर करतात, बोटाने त्याला घाट पाडतात, वरून मटकीचे दाणे सोडतात, ते दरड कोसळल्यासारखे खाली येतात. मग डोंगर पायथ्यापासून खायचा की शिखरापासून, यावर भांडणं.

तिनेच आणखी एक सांगितलं. हंगामात बीडकडून, नगरकडून ऊसतोडीचे कोयते येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, असा इथला हिशोब. फडाजवळ माळावर कोप्या पडतात आणि त्यांतली काही पोरं तिच्या शाळेत येऊन बसतात, पाडव्याच्या आसपास निघून जातात. त्यांतली एक मुलगी खिचडी खायचीच, पण दप्तरात फडक्यात बांधलेली अर्धी भाकरीही असायची. आई अंधारात फडावर जायच्या आधी थापून ठेवायची ती. एकदा त्या मुलीने भाकरी कडेकडेने कुरतडून वाकडी केली आणि बाईंना दाखवली. आम्हीही लहानपणी भाकरी अशीच कुरतडायचो आणि चंद्र झाला म्हणायचो. बायकोने कौतुकाने विचारलं, “चंद्र केलास होय?” मुलगी म्हणाली, “नाय बाई, कोयता.”

हे सांगून बायको वह्या तपासायला बसली. मी बराच वेळ गप्प होतो. माझ्या लेकीने चिमणी मागितली, तिने कोयता केला. दोघींनी आपापले आई-बाप जेवणात बसवले होते. एकीला त्यासाठी बापाचा ओटा, कातणं आणि सुट्टीचा दिवस लागला. दुसरीने दातांनी काम भागवलं.

मग एका संध्याकाळी लेक म्हणाली, “पप्पा, उद्या साधाच डबा द्या.”

मी जरा दुखावलोच. पुढच्या आठवड्यात कालवा काढायचा बेत होता, पालकाच्या पुऱ्यांचे काठ आणि मध्ये ताकाचं पाणी. “का गं? कंटाळा आला?”

“नाही. पण चिमणी मोडताच येत नाही. सगळे नुसते बघत बसतात. सुट्टी संपते.” मग थोडा विचार करून म्हणाली, “आणि जास्त द्या. चानकी द्या. आज्जी करते तशी.”

आईला ओसरीवर सगळं ऐकू गेलं होतं. सकाळी ती माझ्या आधी उठून परातीपाशी बसलेली. सहा चानक्या झाल्या. मी दोन थापल्या, त्यांचे नकाशे झाले. आईने त्या बाजूला काढल्या आणि मला खायला दिल्या. डब्यात चानक्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. दुपारी डबा परत आला तेव्हा आत चटणीचा कणसुद्धा नव्हता. पण एका कोपऱ्यात कुणाच्या तरी डब्यातल्या लोणच्याचं तेल लागलेलं, दुसऱ्या कोपऱ्यात पिवळ्या भाताची दोन शितं. सहा चानक्या देऊन तिने काय काय आणलं, त्याची ती पावतीच होती.

कारखान्यात आम्ही पॅनवर काम करतो तेव्हा रसाला आकार देत नाही. बी सोडतो, उष्णता सांभाळतो, काचेवर थेंब घेऊन उजेडात धरतो आणि दाणा धरायची वाट बघतो. घाई केली तर दाणा बारीक राहतो. हे मला रात्री नीट कळतं. सकाळी कातणं हातात घेतलं की मी ते विसरत होतो. घास आपण भरवायचा असतो, काला त्यांनी करायचा असतो. आपण डबा भरून द्यायचा आणि मध्ये न बोलता थांबायचं. कातणं मी टाकून दिलेलं नाही. पंधरा दिवसांतून कधी ट्रॉली निघते, गवार असेल तेव्हा तर हटकून. पण फोटो काढणं सोडलं.

परवा रात्रपाळीहून आलो, तर शाळेला सुट्टी होती आणि घरात मी सोडून सगळे ताजेतवाने. आईने ताट वाढलं. मी भिंतीला टेकलो आणि तसाच पेंगलो. जाग आली ती ओठांना काहीतरी लागलं म्हणून. लेक समोर मांडी घालून बसली होती. हातात भाकरी कुस्करून आमटीत कालवलेला, बोटांतून गळणारा घास.

“हा घास चिमणीचा,” ती म्हणाली.

“कुठल्या?” मी विचारलं.

तिने आढ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, मग जरा चिडूनच म्हणाली, “आधी आ करा की.”